ऐकणाऱ्यांचा दरबार

ऐतिहासिक चित्रपटातल्या नटाचे निम्मे बळ पोशाख पेलण्यातच खर्ची पडते, ही गोष्ट भालजी पेंढारकरांपासून सोहराब मोदींपर्यंतचे चित्रपट पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला निराळी सांगावी लागत नाही. चिलखत, शिरपेच, मोत्यांच्या माळा आणि पायघोळ जामा यांच्या ओझ्याखाली माणूस हरवतो, चेहराही पुष्कळदा हरवतो, आणि शिल्लक उरतो तो केवळ आवाज. त्यामुळेच अशा चित्रपटांची कीर्ती बहुधा त्यांतल्या पल्लेदार संवादांवर उभी असते. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ची कीर्तीही तशीच आहे. अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी या चौघांच्या लेखणीतून उतरलेले ते भरजरी उर्दू ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात प्रथम घुमले, आणि तेव्हापासून उर्दूचा गंधही नसलेली माणसे ते तोंडपाठ म्हणत आली. परंतु हा चित्रपट जितक्या वेळा पाहावा तितके माझे मत अधिक पक्के होत गेले आहे की, त्यातला खरा अभिनय बोलणाऱ्यांच्या वाट्याला आलेला नसून ऐकणाऱ्यांच्या वाट्याला आलेला आहे.

पृथ्वीराज कपूर यांच्या अकबराविषयी असे विधान करणे धाडसाचे आहे, हे मी जाणतो. तो धीरगंभीर, मेघासारखा स्वर, शब्दाशब्दाला तख्ताचे वजन देण्याची ती हातोटी, ही सारी सामग्री घेऊन ते उभे राहिले की दरबारातले खांबसुद्धा अदबीने उभे असल्याचा भास होतो. १९४१ मध्ये मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये त्यांनी जग जिंकायला निघालेला तरुण उभा केला होता, येथे जिंकलेले सांभाळताना थकलेला प्रौढ सम्राट त्यांना उभा करायचा होता. या भूमिकेसाठी आसिफ यांनी आरंभी चंद्रमोहन यांची योजना केली होती, आणि १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले नसते तर ‘अमृतमंथन’मधल्या राजगुरूच्या त्या विलक्षण डोळ्यांनी अकबर कसा पाहिला असता, या कल्पनेत मी कैकदा रमलो आहे. तो अकबर अधिक भयंकर झाला असता, यात संशय नाही. पण तो बाप झाला असता की नाही, याची मला शंका आहे. पृथ्वीराज बाप होतात ते बोलताना नव्हे. पुत्रप्राप्तीसाठी तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत सलीम चिश्तींच्या दर्ग्याकडे निघालेला तो धिप्पाड देह पाहावा. शहेनशाहीचा सारा डौल त्या पावलांतून गळून पडलेला असतो, आणि पुढे हाच मनुष्य मुलाविरुद्ध फौज घेऊन निघणार आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या याचनेची कणव अधिकच दाटून येते.

या अकबरासमोर बसून ऐकण्याचे काम ज्यांना करावे लागले, त्यांत अग्रमान दुर्गाबाई खोटे यांचा. जोधाबाईची भूमिका कागदावर वाचली तर तीत फारसे काही नाही: नवऱ्याची विनवणी करावी, मुलाची समजूत घालावी, दोन्हीकडून नकार घ्यावा आणि डोळे पुसावेत. अशा भूमिका करणाऱ्या राजमाता आपल्या चित्रसृष्टीत शेकड्यांनी सापडतील. पण दुर्गाबाईंच्या मागे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तली तारामती उभी होती, ‘अमरज्योती’तली सागरावर हुकूमत गाजवणारी सौदामिनी उभी होती, आणि आणखी एक गोष्ट होती जिची दखल सहसा घेतली जात नाही. १९३४ मध्ये देवकी बोस यांच्या ‘सीता’ या चित्रपटात दुर्गाबाई सीता होत्या आणि पृथ्वीराज राम. म्हणजे मुघलांच्या जनानखान्यात समोरासमोर आलेले हे पतिपत्नी पंचवीस वर्षांपूर्वी पडद्यावर एकदा संसार करून, राजधर्मापायी तो मोडून बसलेले होते! लोकापवादासाठी पत्नीचा त्याग करणारा राजा आणि न्यायाच्या नावाखाली पुत्राच्या जिवावर उठलेला बादशहा, या दोघांकडेही त्या स्त्रीने त्याच नजरेने पाहिले असेल, असे मला वाटून जाते. हा योगायोग आसिफ यांच्या मनात होता की नव्हता, ही चौकशी निरर्थक आहे. दोन नटांमधल्या जुन्या सहवासातून जी सहजता येते ती चौकटीत येतेच.

युद्धाला निघताना अकबर जोधाबाईपुढे उभा राहतो आणि तू माझी पत्नी आहेस की त्याची माता, याचा निवाडा तिच्याकडे मागतो, तो प्रसंग घ्यावा. फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच, आणि निकालाची सनद मात्र तिच्या हाताची! तो बोलत असतो तोवर दुर्गाबाई जवळजवळ काहीच करीत नाहीत. मान किंचित झुकलेली, ओठ मिटलेले, आणि प्रत्येक वाक्य अंगावर आदळल्यावर पापण्यांच्या कडेला होणारी एक अगदी बारीक हालचाल, एवढेच. तलवार त्याच्या हाती जाते तेव्हा त्या तलवारीचे वजन खरोखर कोणाच्या मनगटाला जाणवले असेल, हे तो चेहरा सांगतो. २००४ मध्ये हा चित्रपट संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, आणि नव्या पिढीला तो त्यामुळे पाहावासा वाटला हा लाभ मी नाकारीत नाही, पण आर. डी. माथुर यांच्या कॅमेऱ्याने त्या चेहऱ्यावर जी करडी सावली धरली होती ती रंगांच्या सरबराईत विरघळली, याबद्दलची माझी तक्रार कायम आहे.

इतिहासात पाहिले तर जोधाबाई हे नाव शहाजादा सलीमच्या आईचे नव्हते. ती अंबरच्या राजा भारमलाची कन्या, आणि दप्तरी तिची नोंद मरियम-उझ-झमानी या किताबाने आहे. सलीमची प्रेयसी म्हणून चित्रपटात येणाऱ्या अनारकलीचा तर अकबराच्या बखरकारांनी उल्लेखही केलेला नाही. आज सर्वांना ठाऊक असलेली तिची कैफियत मुख्यतः इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकाने रूढ केली. उलट ज्या बंडाला इतिहासाचा भक्कम आधार आहे ते सलीमचे अलाहाबादचे बंड, आणि १६०२ मध्ये त्याच्या चिथावणीवरून झालेली अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलची हत्या, यांचा चित्रपटात मागमूस नाही. यावरून काहीजण चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. मला त्या खटल्यात रस नाही. पण सलीम एवढा निष्कलंक केल्यामुळे दिलीपकुमारांचे मात्र नुकसान झाले, असे माझे मत आहे. ज्या नटाचे सामर्थ्य अंतर्द्वंद्व सुचवण्यात, त्याला केवळ न्याय्य बाजू दिली म्हणजे त्याच्या हाती उरते काय? तरीही त्यांनी एक शहाणपण केले. पृथ्वीराजांच्या स्वराशी त्यांनी स्वराने झुंज घेतली नाही. बादशहा गरजतो तिथे शहाजादा स्वर उतरवतो, आणि त्या हलक्या बोलण्यातली अवज्ञा ही ओरडून केलेल्या अवज्ञेपेक्षा बापाला अधिक झोंबते.

मधुबालेविषयी लिहिताना लेखणी सौंदर्याच्या वर्णनाकडे वळू पाहते. तिला आवरले पाहिजे. मधुबालेच्या अनारकलीची ओळखच चित्रपट करून देतो ती दगड म्हणून. संगतराशाची मूर्ती वेळेत पुरी झालेली नाही, म्हणून मूर्तीच्या जागी ही दासी उभी. शहाजाद्याने बाण सोडावा, मोत्यांचा पडदा ओघळून पडावा आणि भर दरबाराने तिला न्याहाळावे, तरी तिने पापणी हलवू नये. आपल्याकडे अभिनय म्हणजे काहीतरी करणे अशी समजूत आहे. येथे काहीही न करण्याचा हुकूम आहे, आणि तो पाळीत असतानाही त्या दगडाच्या आत कोणीतरी ऐकत आहे, भीत आहे, किंचित मौजही अनुभवत आहे, असे आपल्याला जाणवत राहते. पुढे तानसेनाच्या मुखी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी उमटत असतो आणि सलीम एका पिसाने तिच्या चेहऱ्याला स्पर्श करतो, त्या प्रसंगीही एक शब्द बोलला जात नाही. त्या दिवसांत या दोन कलावंतांत परस्परांशी बोलण्याइतकाही संबंध उरला नव्हता, असे दिलीपकुमारांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. पडद्यावर मात्र त्या अबोल्याचा लवलेशही नाही. शीशमहालातले नृत्य, छतातल्या असंख्य आरशांत थरथरणारी तिची प्रतिबिंबे, यांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालीत नाही. फक्त त्या वेळी तिच्याकडे नव्हे तर अकबराकडे पाहावे, अशी माझी शिफारस आहे. एका सामान्य कनिजेचे गाणे निमूटपणे ऐकून घेण्याची वेळ शहेनशहावर आलेली असते, आणि त्याची नजर छताकडे जाते तेव्हा तिथेही तीच!

निगार सुलताना यांची बहार या कथेतली खलनायिका म्हणून मोडीत काढली जाते, ते मला पटत नाही. कव्वालीच्या सवालजबाबात सलीम तिला फूल देतो आणि अनारकलीला काटा, तेव्हा जिंकूनही आपण हरलो हे तिला आधी कळते आणि चेहऱ्यावर हसू नंतर येते. हा क्रम साधणे सोपे नाही.

राहिला शेवट. अनारकलीच्या आईला कोणे एके काळी, पुत्रजन्माची वार्ता आणल्याबद्दल, अकबराने अंगठी आणि एका मागणीचे वचन दिलेले असते. तीच अंगठी ती पुढे करते. आणि आपल्याच शब्दाने बांधला गेलेला बादशहा अनारकलीला भुयाराच्या वाटेने सोडून देतो, मात्र ती जिवंत आहे हे सलीमला कळता कामा नये अशा अटीवर. म्हणजे मुलाच्या लेखी आपण तिचे मारेकरीच ठरणार, हे तो पत्करतो. त्या क्षणी पृथ्वीराजांच्या मुद्रेवर औदार्याचा आव नाही. आहे तो एक प्रकारचा शीण, आयुष्यभर फर्माने सुटत राहिलेल्या मुखाला अखेर मुलापाशीच काही बोलता येणार नाही, याचा. त्यानंतर हिंदुस्थानच्या तोंडी घातलेले समारोपाचे निवेदन मला दर वेळी खटकते. बादशहाच्या न्यायाची ग्वाही देण्यासाठी साऱ्या देशाला साक्षीला बोलावण्याची आसिफ यांना काही गरज नव्हती. पृथ्वीराजांचा चेहरा आणखी थोडा वेळ पडद्यावर ठेवला असता तरी पुरे होते.