घंटा मुक्या होत्या ते तीन दिवस

वसईत आमच्या वाडीतल्या घरी उपवासकाळाची सुरुवात आजी करायची. येशूच्या तसबिरीमागे गेल्या वर्षीच्या झावळीचे क्रूस खोचलेले असत, वाळून पिवळे पडलेले. ते काढून ती रुमालात बांधायची आणि आम्हा नातवंडांपैकी कुणाला तरी देवळात पिटाळायची. त्याच झावळ्या जाळून केलेली राख बुधवारी आमच्या कपाळावर लागायची.

मग घरात मटण-कोंबडी बंद. मोठे काका विडी सोडायचे, आजी चहातली साखर. त्यातून वाचलेले पैसे एका डब्यात पडायचे आणि तो डबा सणाआधी गरिबांसाठी देवळात जायचा. गावात लग्नं नसत. वाडीत मात्र याच दिवसांत सगळं ऐन भरात! मोगरा फुललेला, आंब्याला कैऱ्या लोंबलेल्या, तुंगारेश्वरच्या डोंगरात पळस लालभडक. मोगऱ्याच्या करंड्या पहाटेच्या गाडीने दादरला जायच्या, पण वेदीवर एक फूल चढत नसे. आम्हा पोरांना हे फार जाचायचं. आज वाटतं, हातात असून न वापरण्याची ती सवय आमच्या घराला फार उपयोगी पडली.

ईस्टरची तारीख आजी आकाशात बघायची. 21 मार्च किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, हा हिशेब तिला तोंडपाठ. बहुतेक वर्षी ती चैत्राची पौर्णिमा असते, क्वचित होळीची. त्यामुळे शेजारच्या आळीतली हनुमान जयंती आणि आमचा पवित्र आठवडा बऱ्याचदा एकाच चांदण्यात यायचे.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ओटीवर काकांची शाळा भरायची. माडाची कोवळी पात घ्यायची, मधली हीर नखाने सोलून काढायची, पातीच्या टोकाला घडी घालून फट ठेवायची आणि त्या फटीतून दुसरी पात आडवी ओवून ओढायची. ओढताना घाई केली की पात चिरायची. धाकट्या चुलतबहिणीचा क्रूस सगळ्यांत रेखीव व्हायचा, आणि तसबिरीमागे मान त्याचाच.

गुरुवारी ग्लोरियाच्या वेळी घंटा वाजायच्या आणि त्यानंतर शनिवारपर्यंत मुक्या. लोकांना बोलवायला लाकडी खडखडा फिरवायचे. त्याचा कोरडा, करकरीत आवाज माडांमधून ऐकू आला की अंगावर काटा यायचा. मूर्ती तर आधीच जांभळ्या कापडात झाकलेल्या असत. शुक्रवारी आमचा रहाटही थांबे. बैल सोडलेले, घरात खिळा ठोकायचा नाही, मोठ्याने हाक मारायची नाही. दिवसाकाठी एकदा तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं.

त्या शांततेत आजी घंटांची गोष्ट सांगायची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीज देवळांच्या घंटा उतरवल्या गेल्या आणि देशावरच्या मंदिरांत पोहोचल्या. नाशिकचा नारोशंकर, भीमाशंकर, मेणवलीचा घाट, सगळीकडे वसईच्या मोहिमेतल्या घंटा आहेत. पुढे मेणवलीला ती घंटा पाहताना आम्हा भावंडांना प्रथम आठवली ती आजी. तिच्या बोलण्यात कधीच कडवटपणा नव्हता. घंटा गेली तिथे देवाचीच चाकरी करते, एवढंच ती म्हणायची.

दुसरी गोष्ट संत गोन्सालो गार्सियाची. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, मग व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि पुन्हा जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांतला तो एक. 1862 मध्ये तो संत जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला. दूरदेशी त्या क्रुसावर आपल्या मातीतलं माणूस होतं, हे ऐकल्यावर शुभ शुक्रवार आमच्यासाठी परक्या मुलखातली जुनी हकिकत राहिला नाही.

आमच्या पिढीला दोन वेगवेगळे ईस्टर मिळाले, हे आमचं भाग्य. अगदी लहानपणी पुनरुत्थानाचा जागर शनिवारी सकाळी व्हायचा. उजेडातच मेणबत्ती पेटायची, लॅटिनमध्ये बारा भविष्यवाण्या वाचल्या जायच्या, आम्ही पेंगायचो, आणि ग्लोरियाला एकदम जांभळी कापडं खाली आणि घंटांचा कल्लोळ. 1956 पासून पोप बाराव्या पायस यांच्या सुधारणेनुसार हा विधी रात्रीवर गेला. पहिल्या रात्री सगळं घर चालत निघालं होतं. देवळाबाहेर नवा अग्नी, त्यावर पेटवलेली मोठी मेणबत्ती, तिच्यात पाच जखमांच्या खुणा म्हणून धुपाचे पाच मणी. आत मिट्ट काळोख. त्या एका ज्योतीवरून आमच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत गेल्या आणि शेजाऱ्यांचे चेहरे एकेक करून दिसू लागले. सकाळचा विधी त्यापुढे फिका होता, असं आम्ही सगळी आजही एकमुखाने म्हणतो.

लॅटिन जाऊन मराठी आली ती साठच्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. येशूची कथा ओवीत येऊन साडेतीन शतकं उलटल्यावर वेदीवरून आमची भाषा ऐकू आली. फार उशीर झाला, असं मला वाटतं. तोवर आजी मिस्साभर जपमाळच ओढत असायची. आता माळ कनवटीला गेली आणि ती प्रत्येक उत्तर खणखणीत देऊ लागली. पुढे शुभ शुक्रवारचं दुःखसहनाचं वाचन मराठीतून होऊ लागलं, त्यात जमावाची वाक्यं लोकांनी म्हणायची. येशूला क्रुसावर द्या, अशी मागणी करणारं वाक्य आलं की आजी ओठ मिटून घ्यायची. फादरांनी समजावलं, काकांनी समजावलं. माझ्या तोंडून ते निघायचं नाही, हे तिचं उत्तर शेवटपर्यंत बदललं नाही.

रविवारी तांदळाची भाकरी आणि कोंबडीचं कालवण. त्याआधी मात्र आजी शेजारच्या हिंदू घरांकडे केळ्यांचे घड आणि मोगऱ्याचे गजरे पाठवायची. होळीला त्यांच्याकडून पुरणपोळ्या आलेल्या असत.

आता रहाट गेला, विहिरीचं पाणी मचूळ झालं, अर्ध्या वाडीवर इमारत उभी आहे. भावंडं विरार, नायगाव, एक जण बहारीनला. जागराच्या रात्री आम्ही जमेल तितकी त्याच देवळात येतो, धाकटी चुलतबहीण ओटीवर पोरांना पात ओवायला शिकवते, आणि जमावाचं ते वाक्य आलं की आमच्या बाकावर अजूनही कुणी तोंड उघडत नाही. ज्यांनी आजीला पाहिलंही नाही, ते पणतूसुद्धा.