वगळलेल्यांचा आकडा

मेअखेरीला अंबड तालुक्यातल्या आमच्या घरी आई गोणपाट भिजवते आणि त्यावर सोयाबीनच्या 100 बिया मांडते. 10 ओळी, ओळीत 10. गुंडाळी सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभराने उलगडून मोजणी. 70 किंवा जास्त उगवल्या तर ते बियाणं पेरायचं. ओळी केल्यामुळे कुठे किती नांग्या पडल्या, ते तिला बघताक्षणी कळतं.

मी जालन्यात बियाणं तपासणीचं सॉफ्टवेअर लिहितो. 1964 साली महिको ही बियाणं कंपनी सुरू झाली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. प्रयोगशाळेत 400 बिया घेतात, 100-100 चे चार संच करून. त्यामुळे माझ्या युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या चाचण्याही तशाच: 70 टक्के पास, 69 नापास. आणि चार संचांत फार तफावत आली, तर सरासरी कितीही चांगली असो, फेरतपासणी.

आधी टेस्ट कोडच्या फाइलींप्रमाणे लावल्या होत्या. एखादी पडली की फाइल कळायची, नेमकं काय बिघडलं ते कळायचं नाही. मग प्रयोगशाळेसारखीच मांडणी केली. तिथे उगवण आठवड्यात समजते, पण वाणाची आनुवंशिक शुद्धता पाहायची तर रोपं शेतात वाढवावी लागतात, हंगाम जातो. उगवणीचा निकाल त्यासाठी कुणी अडवून ठेवत नाही. मीही पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात खुणा दिल्या: उगवण, शुद्धता, डेटाबेसला हात लावणाऱ्या संथ टेस्ट. कोड बदलला की त्या त्या खुणेच्याच चालवायच्या.

तिथेच चूक झाली. तफावतीच्या तीन टेस्टवर 'जर्मिनेशन' लिहिताना एक अक्षर गळलं. पायटेस्ट अशा वेळी नुसती सूचना देतं, आणि ती मी वाचली नाही. त्या तिन्ही न चालताच वगळल्या गेल्या, पडदा हिरवाच. सगळ्या टेस्ट चालवणारी रात्रीची फेरी तेव्हा नव्हती. चाचणीसाठी नोंदी भरताना 92, 90, 88, 50 असे संच आले, सरासरी 80, आणि प्रोग्रॅमने बियाणं पास केलं. असं बियाणं कुणाच्या तरी चार एकरांत गेलं असतं, हे मनातून जात नाही.

आता 'स्ट्रिक्ट मार्कर्स' कायम चालू असतं, अनोळखी खूण दिसली की काम तिथेच थांबतं. रात्रीची फेरीही सुरू केली. आणि निकालात मी आधी वगळलेल्या टेस्टचा आकडा वाचतो. परवा 209 होता, काल एकही नवी टेस्ट न लिहिता 212. त्या तीन कुठल्या, ते सापडल्यावरच जेवायला उठलो.