नाशिकचा वाडा आणि रत्नागिरीचें घर

नाशिक क्षेत्रीं येणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचें दर्शन घेतो, पूल ओलांडून सराफ बाजारांतील दुकानें पाहतो आणि परत फिरतो. त्याच बाजारांत उभा असलेला सरकारवाडा मात्र फार थोड्यांच्या नजरेंत भरतो. पेशवाईंतील ही वास्तु आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. काळ्या पाषाणाचें काम, सागवानी खांब आणि तुळया, जाड भिंती, मध्यें आभाळाकडे तोंड करून असलेला चौक. हें पाहण्यास शिल्पशास्त्राची आवड असलीच पाहिजे असें नाहीं. वैशाखांतील भर दुपारीं बाहेर डांबर पाघळत असतांना आंत पाऊल टाकलें म्हणजे जें समजावयाचें तें अंगालाच समजतें.

जुन्या नाशकांतील बऱ्याच घरांची हीच रचना होती, आणि तिचें कारण येथील हवेंत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. उन्हाळ्यांत दुपारीं पारा ४० अंशांच्या जवळपास चढतो. परंतु रात्रीं तोच बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरतो. दिवसाची उष्णता जाड भिंत आपल्या पोटांत घेते, आणि ती आंतल्या अंगास पोहोंचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. मग चौकांतून तापलेली हवा वर निघून जाते, गार हवा खालीं उतरते, आणि सकाळपर्यंत भिंत पुन्हां रिकामी होते. सराफाच्या पेढीवर दिवसा ठेव ठेवावी आणि रात्रीं ती परत न्यावी, असा हा रोजचा व्यवहार आहे. तो चालतो, कारण रात्र आपला शब्द पाळते.

वाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांनीं त्यांतील बाळंतिणीची खोली आणि चुलीच्या धुरानें काळें पडलेलें स्वयंपाकघर मात्र एकदां डोळ्यांपुढें आणावें. शिवाय भाऊबंदकींत अडकलेला एखादा वाडा पावसाळ्यांत ढासळल्याची बातमी जुन्या नाशकास नवीन नाहीं. तेव्हां जुनें तें सर्व सोनें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. या वाड्यांचा विषय निघाला तो आमच्या रत्नागिरीच्या आत्याबाईंच्या घरावरून.

आत्याबाईंचें घर त्यांच्या सासऱ्यांनीं बांधलेलें. जांभ्या दगडाचें, मंगलोरी कौलांचें. आढ्याचें लांकूड वाळवीनें खाल्लें, एका बाजूची भिंत फुगली, आणि पुण्यामुंबईस असलेल्या चिरंजीवांनीं नवें घर बांधण्याचें ठरविलें. नवें घर ‘हरित’ असावें असा त्यांचा आग्रह, आणि तो योग्यच आहे. नकाशा आला तो नाशिकच्या एका स्थापत्यविशारदांकडून. त्यांनीं इकडे बांधलेल्या एका घरास उत्तम मानांकन मिळालें होतें, त्याचीच ती थोड्या फरकानें केलेली प्रत होती. दुहेरी भिंती, लहान व सरकत्या खिडक्या, सपाट गच्ची आणि मध्यें चौक. आयुष्यभराची शिल्लक या घरांत घालावयाची म्हणून आत्याबाईंनीं नकाशा आमच्याकडे पाठविला आणि लिहिलें, “एकदां येऊन हें घर आणि हा कागद दोन्ही शेजारींशेजारीं ठेवून पाहा.”

नाशिक रोडला मंगला एक्स्प्रेस पकडली म्हणजे गाडी न बदलतां रत्नागिरीस उतरतां येतें. आम्ही उभयतां गेल्या वैशाखांत निघालों. इगतपुरी सुटली आणि थळ घाटाचे बोगदे लागले. इ. स. १८६५ मध्यें हा लोहमार्ग खुला झाला तेव्हांपासून लाखों नाशिककरांनीं जें अनुभवलें असेल तेंच आम्हीं अनुभविलें: कसाऱ्यास येतां येतां सदरा पाठीला चिकटूं लागतो. पारा कांहीं फारसा चढलेला नसतो; घाम वाळेनासा झालेला असतो. पनवेलच्या पुढें तर खिडकीजवळची जागा सोडण्यास डब्यांतील कोणी राजी होईना.

रत्नागिरीस मे महिन्यांत दुपारीं पारा बत्तीस-तेहतीसच्या पुढें क्वचित जातो, पण रात्रींही तो पंचवीस-सव्वीसच्या खालीं येत नाहीं. येथें जाड भिंतीनें ठेव घेतली तर ती परत न्यावयास कोणी येतच नाहीं. या हवेंत माणसास सुख देणारी गोष्ट एकच, अंगावरून वाहणारा वारा. टिळक आळींतील लोकमान्यांचें जन्मस्थान पाहिलें तरी हें लक्षांत येतें: उतरतें कौलारू छप्पर, पुढें ओटी, आणि दारासमोर दार. आत्याबाईंच्या घरींही तसेंच. पडवींत बसलें कीं समुद्राकडून आलेला वारा माजघरांतून मागल्या दारीं निघून जातो. दुपारीं आम्हीं परसाकडचें दार लावून घेतलें, तर पांच मिनिटांत आत्याबाईंनीं तें उघडलें आणि हंसून विचारिलें, “अहो, तुमच्या त्या कागदावरच्या तारांना वारा लागतो का?”

प्रश्न मार्मिक होता. तारे देणाऱ्या संस्थांचा सगळाच दोष मात्र नाहीं. इ. स. २००१ मध्यें आपल्याकडे ऊर्जा-संवर्धनाचा कायदा झाला. २००७ पासून ‘गृह’ ही राष्ट्रीय मानांकन-पद्धति एक ते पांच तारे देऊं लागली. राहत्या घरांकरितां २०१८ मध्यें केंद्र सरकारच्या ऊर्जा-दक्षता संस्थेनें ‘इको-निवास संहिता’ काढली, आणि तींत हवामानाचा भेद स्पष्ट केलेला आहे. भिंतींवाटे व खिडक्यांवाटे आंत शिरणाऱ्या उष्णतेची मर्यादा, थंड प्रदेश सोडतां, सर्वत्र दर चौरस मीटरास १५ वॉट अशी सारखीच आहे. परंतु खिडक्यांचा जो भाग खरोखर उघडतो तो उष्ण व कोरड्या मुलुखांत चटईक्षेत्राच्या १० टक्के असला तरी पुरे, आणि उष्ण व दमट मुलुखांत मात्र तो १६.६६ टक्के असला पाहिजे. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोली घेतली तर कोरड्या हवेंत बारा चौरस फूट, समुद्रकांठीं वीस. आणि येथेंच सरकत्या खिडकीचें पितळ उघडें पडतें: दोन पाटांची सरकती खिडकी कितीही ओढा, अर्धीच उघडते. बिजागरीवर पूर्ण उघडणारी जुनी लांकडी खिडकी या हिशेबांत तिच्या जवळजवळ दुप्पट भरते.

अडचण अशी कीं, इ. स. २०२० च्या डिसेंबरांत राज्य शासनानें मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून साऱ्या महाराष्ट्रास एकच बांधकाम-नियमावली लागू केली. नाशिकही तींतच, रत्नागिरीही तींतच. आणि हरित मानांकनास जादा बांधकामाची सवलतही दोहोंकडे तीच. नियम एक झाला म्हणून नकाशाही एकच चालेल, अशी समजूत होणें सोपें आहे. मात्र नाशकांत वर्षास सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीस तीन हजारांच्या वर. त्या पावसांत सपाट गच्ची आणि उघडा चौक म्हणजे काय, हें ज्यानें आषाढांत कोंकण पाहिलें आहे त्यास सांगावयास नको.

पाण्याची गोष्ट तर आणखी विचित्र. नाशिककडे पावसाचें पाणी शोषखड्ड्यांत अगर विंधणविहिरींत मुरविलें तर तें कांहीं काळ आपल्या कामास येतें. रत्नागिरीचा सडा जांभ्याचा, सच्छिद्र; त्यांत मुरलेलें पाणी झऱ्याओढ्यांवाटे थोड्याच महिन्यांत समुद्रास मिळतें, आणि एवढा पाऊस पडूनही वैशाखांत विहिरी तळ गांठतात. तेथें मोठी साठवणीची टांकी हवी. नकाशांत होता तो शोषखड्डा.

विटांचाही असाच घोळ. राखेच्या विटा वापरल्यास मानांकनांत गुण मिळतात, आणि नाशिकजवळ एकलहऱ्याचें औष्णिक वीजकेंद्र असल्यामुळें येथें तें शहाणपणाचेंच आहे. पण त्याच विटा घाट उतरवून रत्नागिरीस न्यावयाच्या, आणि डिझेल जाळून गुण मिळवावयाचे? जांभ्याचा चिरा तेथेंच निघतो. खाणींतून काढतांना मऊ, आणि हवा लागत जाते तसा टणक. आतां नव्या चिरेखाणींनीं सडे पोखरले जात आहेत, त्याच सड्यांवर कोरलेलीं प्राचीन कातळशिल्पें आहेत, हेंही विसरतां येत नाहीं. म्हणून आम्हीं सुचविलें कीं, नवा चिरा आणूं नये. जुन्या घराचेच चिरे उतरवून नव्या भिंतींत घालावे. गवंड्यानें दोन-चार चिऱ्यांवर हातोडी वाजवून पाहिली आणि फुगलेल्या भिंतीखेरीज बाकीचे सगळे चालतील असें सांगितलें. आत्याबाईंचा चेहरा त्या क्षणीं जो खुलला तो पाहून प्रवासाचा शीण गेला.

लोखंडाविषयीं मात्र त्यांचें आमच्याशीं एकमत होण्यास वेळ लागला. समुद्राची खारट हवा सिमेंटांतून सळ्यांपर्यंत पोहोंचते आणि त्या गंजून फुगल्या कीं वरचा थर फुटतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणें साध्या पावसापाण्यांत सळईवर ३० मिलिमीटर आवरण पुरतें, समुद्रकांठच्या हवेंत तें ४५ हवें. नाशिकच्या नकाशांत तिसच होतें. दीड सेंटिमीटराकरितां एवढा खर्च कशाला, हा आत्याबाईंचा प्रश्न. शेवटीं शेजारच्या गच्चीचा खालून सोललेला सज्जा दाखविल्यावर त्या गप्प बसल्या.

नवा नकाशा आतां तयार झाला आहे. चौक गेला, पश्चिमेस खोल पडवी, रुंद वळचण आणि उतरतें कौलारू छप्पर आलें, सूर्यकिरणांवर वीज करणारे पत्रे दक्षिणेकडच्या पाख्यावर बसावयाचे आहेत. खिडक्या लांकडी, पूर्ण उघडणाऱ्या, समोरासमोर. एका खोलीवर मात्र अद्याप तोड निघाली नाहीं. थोरल्या चिरंजीवांस तेथें वातानुकूलन यंत्र हवें आहे, आणि त्याकरितां खिडक्या घट्ट मिटणाऱ्या व लहान हव्यात. आत्याबाई म्हणतात कीं वीज गेल्यावर त्या खोलींत कोण निजणार हें आधीं ठरवावें. मायलेकांचीं पत्रें चालूं आहेत. जुन्या घरावरचीं कौलें त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरावयाचीं आहेत.