चिरनेरची रात्र, दोन हजारांचा हेडफोन

मॉलमधल्या शोरूममध्ये हेडफोन कानाला लावून बघणं म्हणजे मासळी बाजारात उभं राहून अत्तराची पारख करणं. डोक्यावर एसीची घरघर, बाजूला टीव्हीच्या भिंतीवर क्रिकेट आणि सेल्समनचं चालूच, ‘मॅडम, बेस बघा बेस!’ तिथे जो सगळ्यात जोरात वाजतो तोच भारी वाटतो. आपण तो घेतो. आणि ऐकायला कधी बसतो? रात्री साडेअकरानंतर. ऑफिस, लोकल, जेवण, भांडी सगळं उरकून, घरातले झोपल्यावर, अगदी हळू आवाजात. म्हणजे परीक्षा एका विषयाची आणि क्लास भलत्याच विषयाचा!

तेव्हा रात्री ऐकायचा हेडफोन रात्रीच आणि शांत जागीच निवडावा, हा माझा साधा फंडा आहे. आता अशी जागा मुंबई-पनवेल पट्ट्यात उरलीय कुठे, असं विचाराल. माझ्यापुरतं उत्तर आहे : चिरनेर, माझं आजोळ.

चिर्ले नव्हे, चिरनेर

हे आधी क्लिअर करते, कारण ऑफिसातले निम्मे लोक इथेच चुकतात. शिवडीहून निघालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर धावून जिथे उतरतो ते चिर्ले. तिथून दिघोड्याच्या बाजूने ट्रेलरच्या रांगांतून वाट काढत आणखी आत गेलं की चिरनेर. आज तालुका उरण, पण मोठी खरेदी म्हटली की पाय पनवेलकडेच वळतात. एका अंगाला कर्नाळ्याचा डोंगर, दुसरीकडे भातशेती आणि खाडीकडे उतरत जाणारा सपाट मुलूख. गावात महागणपतीचं देऊळ आहे, संकष्टीला गर्दी असते. हिवाळ्यात आलात तर मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घालून लावलेली पोपटी मिळेल. ती चुकवू नका.

पण चिरनेरची खरी ओळख २५ सप्टेंबर १९३०. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षी आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी, कुणबी लोक जंगलचा कायदा मोडायला अक्कादेवीच्या टेकडीवर गेले. लाकूडफाटा हा त्यांच्या रोजच्या चुलीचा प्रश्न होता आणि तो तोडायला सरकारची बंदी होती. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दर वर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात. इथे आलात तर आधी तिथे जा, बाकीचं मग.

रात्रीचा साउंडट्रॅक

आजोळचं घर जुनं, कौलारू. अशा घरांत आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वर मोकळंच असतं. त्यामुळे पडवीत कुणी खोकलं तरी ते माजघरात ऐकू येतं. माझी आजी ऐंशीच्या पुढची. मामाची ड्यूटी बंदरावर, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. मामी दिवसभर राबते. म्हणून शुक्रवार-शनिवारची रात्र माझी, असं आम्ही ठरवून घेतलंय. मी बेलापूरचं ऑफिस सुटलं की थेट इकडे. आजी आतल्या खाटेवर आणि मी पलीकडच्या खोलीत. मध्ये ती अर्धी भिंत.

आजी रात्री दोन-तीनदा हाक मारते. हाक म्हणजे काय, पुटपुटणंच. ‘बाय, पानी दे गो.’ तेवढं ऐकू यायलाच हवं. न ऐकू आलं तर ती स्वतःच उठते आणि काळोखात मोरीकडे चालायला लागते. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको.

पण मलाही आठवड्याचे हे दोन तास हवे असतात. किशोरीताई, भीमसेन, कधी जॅझ, कधी पॉडकास्ट. म्हणजे माझी अट दुहेरी होती. माझ्या गाण्याने आजीची झोप मोडता कामा नये आणि आजीची हाक माझ्या गाण्यात बुडता कामा नये. बजेट दोन हजारांच्या आसपास.

खाटेवरची टेस्ट

एका शनिवारी आजी मावशीकडे गेली होती. मी चार प्रकारचे हेडफोन गोळा केले, काही माझे, काही मैत्रिणींकडून उसने. मामेभाऊ आजीच्या खाटेवर आडवा झाला. त्याने आजीच्याच आवाजात हाका मारायच्या, मी भिंतीपलीकडे रात्रीच्या आवाजात गाणं लावून बसायचं. आणि उलट, माझं गाणं त्याला ऐकू येतं का तेही त्याने सांगायचं. मामी म्हणाली, ‘दोघंही येडी झालीत.’

पहिला, नॉइज कॅन्सलिंगवाला. हा बाहेरच्या घरघरीची उलटी लाट तयार करून ती मारतो. विमानात, लोकलमध्ये झकास. पण चिरनेरच्या रात्री मारायला घरघरच नाही! त्यात कानाची पाळ बंद झालेली, म्हणून हाकही हरवली. बाहेरचा आवाज आत घेणारा मोड त्यात असतो खरा, पण त्याची बारीक सूं शांततेत जाणवते. वर चार्जिंगची कटकट.

दुसरा, कान झाकणारा साधा बंद हेडफोन. भावाला माझ्या गाण्याचा गंधही नाही, पण मलाही त्याची तिसरी हाक कळली. शिवाय तासाभरात कान घामेजले. मे महिन्यात विचारूच नका.

तिसरा, कानाच्या आत बसणारा वायरवाला, ज्याला हल्ली सगळे आयईएम म्हणतात. मूनड्रॉपचा चू, सेव्हन हर्ट्झचा झीरो ही या गटातली नेहमी घेतली जाणारी नावं, बजेटमध्ये बसणारी. या पैशात एवढा स्वच्छ आवाज दहा वर्षांपूर्वी मिळत नव्हता. पण दोन्ही कानांत घातला तर हाक गायब. मग एकाच कानात घातला आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन ‘मोनो ऑडिओ’ ऑन केला. हे सेटिंग अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतं. डाव्या-उजव्या बाजूचं सगळं एकाच कानात येतं, त्यामुळे अर्धं गाणं गळत नाही. पहिल्या हाकेला पास!

चौथा, जुन्या वॉकमनची आठवण करून देणारा, फोमच्या गादीचा उघडा हेडफोन. वॉकमन १९७९ साली आला तो असाच हलका फोमवाला हेडफोन घेऊन. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळपास त्याच रूपात मिळतोय आणि त्याच घराण्यातला केएससी ७५ कानाला अडकवायचा, त्याहून स्वस्त. याला मागून भिंतच नसते. बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं थोडं बाहेर जातं. रातकिड्यांसकट गाणं, पण हाक पहिल्या झटक्यात. आता आवाज गळतो त्याचं काय? माझ्या रात्रीच्या आवाजाला भाऊ म्हणाला, ‘काय नाय येत.’ लोकलमध्ये लावते तेवढा मोठा केल्यावर मात्र त्याला चिरचिर ऐकू आली. म्हणजे पलीकडच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर उघडा चालतो, त्याच पलंगावर असेल तर नाही.

हळू आवाजाचं गणित

शांत जागी आणखी दोन गोष्टी कळतात, ज्या शोरूममध्ये कुणी सांगणार नाही.

एक, आवाज कमी केला की बेस आधी गायब होतो. यात हेडफोनचा दोष नाही, आपला कानच तसा आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. हळू आवाजात कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा फार कमी ऐकू येतात. म्हणून रात्रीसाठी बेस किंचित उचललेला हेडफोन चालतो, किंवा इक्वलायझरमध्ये खालची पट्टी जराशी वर सरकवा. जराशीच! माझी टेस्ट सोपी आहे. ख्याल लावायचा आणि तानपुरा शेवटपर्यंत ऐकू येतो का, डग्ग्याची घुमक कळते का ते बघायचं. आवाज न वाढवता दोन्ही कळले तर हेडफोन पास.

दोन, गाणं थांबवल्यावर येणारी सूं. आयईएम फार संवेदनशील असतात, म्हणजे थोड्याशा विजेत जोरात वाजतात. त्यामुळे लॅपटॉपच्या जॅकमधली खरखरही ते इमानदारीत ऐकवतात. ऑफिसात ती कळत नाही, चिरनेरला रात्री एक वाजता डोक्यात जाते. फोनला जॅक नसेल तर सी-टाइपचा छोटा डोंगल घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटका होते. ब्लूटूथ गाण्यांना ठीक, पण स्वस्तातल्या सेटवर सिनेमा बघताना ओठ आधी हलतात आणि डायलॉग मागून येतो.

आणि कानांची काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तासच. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज किती चढवतो ते आठवा. चिरनेरला माझा फोन पाव रेषेच्या वर जातच नाही आणि तरी सगळं ऐकू येतं. महागडी मशीन जे विकत देते ते इथे फुकट आहे : शांतता.

किती दिवस आहे, ते मात्र सांगता येत नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. अटल सेतू जानेवारी २०२४ ला, त्याच दिवशी उरणची लोकलही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. कंटेनर यार्ड शेतांच्या बांधापर्यंत आलेत. मामाची नोकरी त्या बंदरावर, माझा प्रवास त्या रस्त्यांवर, त्यामुळे नाक मुरडायचा मला हक्क नाही. पण गेल्या काही वर्षांत रात्री दूरच्या ट्रेलरचे ब्रेक जास्त ऐकू येतात. लग्नसराईत हळदीचा डीजे असतोच, त्याला कुठलाच हेडफोन पुरत नाही!

शेवटी मी घेतला तो फोमवाला. एकाच पलंगावर कुणी झोपत असेल तर माझी शिफारस एका कानातला आयईएम आणि मोनो. एकटे राहत असाल आणि रस्त्यालगत असाल, तर बंद हेडफोन. घेण्याआधी तासभर उशीला टेकून लावून बघा, कारण रात्री आपण आडवे होऊन ऐकतो आणि जाड कप उशीत रुततात. परत करायची मुदत असेल तरच ऑनलाइन मागवा आणि पहिली टेस्ट रात्रीच घ्या.

परवा दीडच्या सुमाराला मारवा चालू होता, मारव्याची वेळ नसताना. भिंतीवरून आवाज आला, ‘बाय, जागी हायस?’ पाणी दिलं. आजीने माझ्या गळ्यातल्या फोमच्या गाद्यांकडे बघितलं, एक उचलून कानाला लावली, थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, ‘बरा गातंय. रेडिओ हाय का यात?’

आहे ना. पुढच्या शुक्रवारी तिला विविध भारती लावून देणार आहे. हळू आवाजात.