बसायचं कुठं?

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे पुण्याला राहायला आले. वाईजवळचं गाव, वडाचा पार, संध्याकाळची मंडळी, सगळं मागे ठेवून. आमच्या सोसायटीत जिम आहे, पूल आहे, क्लबहाऊस आहे. मी उत्साहाने सगळं फिरवून दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘‘छान आहे गं. पण बसायचं कुठं?’’

मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसांत मी रात्री भलत्याच गावाच्या बांधकामात गुंतले होते ना!

सांगते. ‘नेव्हरविंटर नाइट्स’ नावाचा एक रोल-प्लेइंग गेम आहे, २००२ सालचा. बायोवेअर कंपनीने गेमबरोबर ‘अरोरा टूलसेट’ही देऊन टाकला. म्हणजे नुसतं खेळू नका, आपलं जग बांधा आणि चार लोकांना ऑनलाइन बोलवा. २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि हौशी मंडळी आजही आपापल्या सर्व्हरवर अशी जगं चालवतात. त्यातल्याच एकासाठी मी नकाशे बनवते. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग, रात्री गवंडीकाम!

नकाशा म्हणजे फरशा जोडणं. एकेक टाइल १० बाय १० मीटरची. एका नकाशात जास्तीत जास्त ३२ बाय ३२ टाइल्स. रस्त्याची, नदीची, घरांची टाइल... चौकटीत बसवत जायचं. तयार मालात सराया, किल्ले, बुरूज सगळं होतं. पार मात्र नव्हता. असणार कुठून? म्हटलं, आपणच करू.

‘ब्लेंडर’ या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वड उभा केला. पारंब्या म्हणजे सपाट पट्ट्यांवर चिकटवलेलं चित्र. कट्टा गोल दिसतो, पण प्रत्यक्षात सोळा बाजूंचा. दगडासाठी गावच्या पाराचाच फोटो वापरला. चौकात पार ठेवला आणि रविवारी सर्व्हर सुरू केला.

पहिला एल्फ धावत आला आणि कट्ट्याला धडकून थांबला. मागून आलेला बुटका योद्धाही तसाच. ‘सुंदर झाड’ असं टाइप करून दोघं सराईकडे निघून गेले. माझी महिन्याभराची मेहनत!

चूक माझीच होती. मी पार ‘प्लेसेबल’ म्हणून ठेवला होता. म्हणजे वस्तू. पिंप, पुतळा, खांब असतो तशी. ती बघता येते, तिला वळसा घालता येतो, पण तिच्यावर पाय ठेवता येत नाही. पाय ठेवायचा तर ती टाइलचाच भाग हवी. प्रत्येक टाइलमध्ये एक न दिसणारी जाळी असते, वॉकमेश. आपल्याला दगड दिसतो, गेमला जाळी दिसते. तिच्या प्रत्येक त्रिकोणाला सांगावं लागतं की तू गवत, तू दगड, तू पाणी, तुझ्यावर पाय ठेवायचा नाही. पावलांचा आवाजही त्यावरूनच ठरतो. पायऱ्यांना तर जाळीत नुसता उतार दिला तरी चालतं!

थोडक्यात, पार वस्तू म्हणून ठेवला तर शोभेचा. जमीन म्हणून बांधला तर माणसांचा.

दोन वीकेंड घालवून पार पुन्हा बांधला. खोडाचे त्रिकोण तेवढे बंद, बाकी कट्टा मोकळा. पुढच्या रविवारी सराई ओस आणि पारावर सातजण! अण्णा माझ्यामागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

‘‘हा तर आपला वड. ही मंडळी कोण?’’

‘‘तो पोलंडचा, ती ब्राझीलची.’’

‘‘काय बोलतायत?’’

‘‘काही नाही हो अण्णा, टाइमपास.’’

‘‘मग बरोबर बांधलायस.’’ आणि जाता जाता म्हणाले, ‘‘आपल्या गेटजवळच्या झाडाला रेलिंग का गं?’’

गेटजवळ जुना वड आहे. बिल्डरने तो तोडला नाही, ब्रोशरवर छापला. भोवती स्टीलचं रेलिंग, खाली फोकस लाइट आणि ‘येथे बसू नये’ अशी पाटी. चार वर्षं मी त्याला वळसा घालून पार्किंगमध्ये जातेय. प्लेसेबल!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. रेलिंग काढू, कट्टा बांधू. कुणी म्हणालं, बाहेरचे लोक येऊन बसतील. कुणी म्हणालं, लुक जाईल. विषय पुढच्या मीटिंगवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. इथले त्रिकोण काही माझ्या माउसने बदलत नाहीत.

अण्णांनी वाट बघितली नाही. संध्याकाळी बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन ते खाली जातात आणि रेलिंगला टेकून बसतात. गेल्या आठवड्यात ऑफिसमधून आले तर तिथं तीन खुर्च्या होत्या. एक अण्णांची, एक वॉचमनकाकांची. तिसरीवर सी विंगमधल्या एक आजी. चार वर्षं लिफ्टमध्ये भेटायच्या. त्यांचं नाव मला अण्णांकडून कळलं.