खिडकीची उंची

आमच्या वसाहतींत नोकरीस जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठीं पाळणाघर बांधावयाचें ठरलें, तेव्हां नकाशा पाहण्याचें काम मजकडे आलें. खोल्या हवेशीर, खिडक्या जमिनीपासून तीन फुटांवर. मला कांहींच वावगें दिसलें नाहीं.

सासूबाईंनीं मात्र आमच्याच घरांत चटईवर बसून तेवढ्याच उंच खिडकीकडे बोट दाखविलें. "येथून आभाळ दिसतें, रस्ता दिसत नाहीं. आई आली कीं नाहीं, हें पोरानें कोठून पाहावें?"

मी निरुत्तर झालें. मी कचेरींत जाई तेव्हां माझा मुलगा पाळणाघराच्या दाराशींच बसून राही, आणि तेथील बाई त्यास हट्टी म्हणत. तो हट्ट नव्हता, हें मला वीस वर्षांनीं कळलें.

डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें पहिलें बालगृह उघडलें व मुलांच्या मापाचें सामान करविलें. १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभून ताराबाई मोडकांनीं तर शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. हें सारें मी वाचलें होतें; पण तें माप भिंतीलाही लागतें, हें ध्यानीं आलें नव्हतें.

खिडक्या दीड फुटावर आणिल्या. गज उभे बसविले, चार इंचांहून कमी अंतरानें. आडव्या गजांवर मुलें शिडीसारखीं चढतात. वाढीव खर्चापायीं दर्शनी कमान सोडावी लागली. कांहीं सभासद अद्याप नाराज आहेत.

परवां सायंकाळीं एक चिमुरडी गज धरून उभी दिसली. रडत नव्हती. घरीं येऊन सांगितलें, तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "अग, वाट पाहणें कोणास चुकलें आहे? पण ती दिसावी तरी!"