विचारलेला प्रश्न



अधिवेशन भरले की तुम्ही म्हणता, "तिथं नुसता गोंगाट!" मीही तसेच म्हणत असे. मग एकदा विधानसभेचा तारांकित प्रश्न उतरत उतरत माझ्या टेबलावर आला. अमुक गावी बियाणे उगवले नाही, त्या तक्रारीचे काय झाले? तक्रार महिनाभर माझ्याच फायलीत होती. तसाच बांधावर गेलो. शेतकऱ्याने उसनवारी करून दुबार पेरणी उरकली होती. पंचनाम्याला रानच उरले नव्हते. प्रश्न मंत्र्यांना होता, मान माझी खाली गेली.

बोरिवलीचे राम नाईक तीनदा आमदार आणि १९८९ पासून पाच वेळा उत्तर मुंबईचे खासदार झाले. विरोधी बाकावर असताना १९९५-९६ मध्ये ते संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. सरकारी खर्चाचा हिशेब ही समिती तपासते. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा प्रघात आहे. पैसे खर्चणाऱ्याने स्वतःच हिशेब तपासू नये, एवढा साधा व्यवहार!

पण कागदावाचून प्रश्न लंगडा. बियाण्याची पावती, पिशवी, खूणचिठ्ठी जपा. तक्रारीची पोच घ्या. दाद लागली नाही, तर तीच पोच आमदारांच्या हाती द्या. आमच्यासारख्यांना वेळेवर जाग येईल.